दोन काळ आणि तीन किलो मटर

॥ श्री ॥
काशी, मुन्शी घाटाची गल्ली,
माघ शुद्ध पंचमी

चि. सौ. मृणालिनीस नरहरकाकाचे अनेक आशीर्वाद, एवढं लिहिलं आणि पेन अडलं. तू माझी सख्खी पुतणी, तुला कडेवर घेऊन मी घाटाच्या पायऱ्या उतरलोय, तेव्हा आशीर्वाद बरोबरच. पण गेले दोन महिने तू मला संथा दिलीस, म्हणजे तू माझी गुरू; आणि गुरूला आशीर्वाद देणारा शिष्य मी बासष्ट वर्षांत एकही पाहिला नाही (पाहिला असता तर कान उपटला असता). साष्टांग घालावा, तर काकाने पुतणीला साष्टांग घातला की तुझं आयुष्य उणं व्हायचं, आणि तुझी सासू म्हणायची, काशीचे लोक थंडीने बिघडले. म्हणून अर्धं पत्र आशीर्वादाचं समज आणि अर्धं नमस्काराचं. कुठून कुठपर्यंत कोणतं, ते तुझं तू ठरव. अनिमेषरावांचा गुडघा कसा आहे? जिना चढताना कठड्याला धरा म्हणावं, लाज कसली त्यात. तुझी शाळा, पाचवीची पोरं, सगळं ठीक ना? इकडे सर्व कुशल. माझी मान दुखते ती दुखतेच. तुझी काकू उत्तम आहे. चाळीस वर्षांत नव्हती इतकी उत्तम आहे, आणि त्याचं कारण तूच आहेस.

पाहुणे आले आणि गेले. आता सगळं बयाजवार लिहितो. तुला अर्धं ठाऊक आहे, पण मला पहिल्यापासून सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही (जन्मभर वेद म्हणणाऱ्याची खोड, मधून उचललं की गाडी रुळावरून घसरते). ज्येष्ठात आमच्या ऋतुराजचा लीड्सहून फोन आला, की नोरा नावाच्या तिथल्याच मुलीशी लग्न करतोय. मी काय बोललो ते तुझ्या काकूने तुला सांगितलंच असेल. पायरी चढू नकोस म्हणालो. एकुलत्या एक मुलाला! आणि फोन ठेवला. पुढे सात महिने अबोला. त्याचा फोन आला की मी पूजेत, पूजा नसेल तर मी झोपेत, आणि झोपेत नसेन तर डोळे मिटून तसं दाखवत. आतून जीव तुटायचा. पण एकदा तोंडातून गेलेला शब्द मागे कसा घ्यायचा, ते मला कुणी शिकवलेलं नव्हतं. आमच्या विद्येत शब्द चुकला तर पहिल्यापासून म्हणतात. घरात तशी सोय नाही.

कार्तिकात काकूने जाहीर केलं, की ऋतुराज नोराला आणि तिच्या आईला घेऊन संक्रांतीला येतोय. आई विधवा, मुलगी एकटीच, तेव्हा ती घर बघायला येणार. काकू म्हणाली, मुलाशी अबोला धरायचा तर धरा, पण दारात आलेल्या बाईशी बोलणार नसाल तर मी माहेरी चालले. (तिच्या माहेरी, ग्वाल्हेरला, आता कुणीही राहत नाही, घरसुद्धा विकलं. म्हणून मी जास्तच घाबरलो.) आणि ती म्हणाली ते खरंच होतं. पोटच्या पोराशी भांडता येतं, अतिथीशी नाही. पण बोलणार कशात? माझी इंग्रजी म्हणजे ‘थँक्यू’ आणि ‘नो फोटो’, त्यातलं दुसरं मी घाटावर संध्या करताना परदेशी लोकांवर ओरडण्यासाठी ठेवलेलं. तेवढ्यावर लग्न जुळत नाही. तेव्हा तुझी आठवण झाली.

तुझे उपकार कसे सांगू! तू म्हणालीस, काका, दोन महिन्यांत अख्खी इंग्रजी होणार नाही, आपण दोनच काळ करू, एक हातात चाललेलं काम सांगायचा आणि एक करून झालेलं सांगायचा. काय चाललंय आणि काय झालं एवढं सांगता आलं की पाहुणचार भागतो. मला पटलं. रोज साडेचारला तू शाळेतून येऊन, तोंडात घास असताना फोन लावायचीस. मी म्हटलं, संथा घेईन तर आमच्या पद्धतीने: गुरूने एकदा म्हणायचं, शिष्याने दोनदा, हात वर-खाली करून, स्वरासकट. तू हसली नाहीस. (हसली असशील, पण फोन लांब धरून. तोही उपकारच.) आणि तू सांगितलंस, वाक्य नुसतं घोकू नका, काम करता करता म्हणा.

तिथे माझी पंचाईत झाली, ती तुला त्या वेळी सांगितली नव्हती. तुझं पहिलं वाक्य होतं, आय ॲम ईटिंग. त्या दिवशी एकादशी, माझी निर्जळ. ज्या जिभेने सकाळी संहिता म्हटली तिने संध्याकाळी खोटं बोलायचं? मी तुला म्हणालो, आज घसा बसलाय (आता हे खोटंच झालं म्हणा, पण ते मराठीत होतं). दुसऱ्या दिवशी भाताचा घास तोंडात घातला आणि मग म्हटलं, दोनदा. काकूने पाठीवर थोपटलं, तिला वाटलं ठसका लागला. तेव्हापासून मी नियम केला, की चालू काळातलं वाक्य म्हणायचं तर ते काम खरोखर हातात हवं. झालेल्या काळाचं तसं नाही. काल जेवलो होतो, आज सांगितलं, कुणाचं काही जात नाही. चालू काळाला हात लागतात, झालेल्याला नुसतं तोंड. आता कळलं, आपल्या काशीतल्या मराठी मंडळींना झालेला काळ इतका का आवडतो! पेशवाईतल्या अमृतरावांनी राजा घाट बांधला, आणि दोनशे वर्षं ऐट आम्ही करतोय. आमच्या पणजोबांनी हे केलं, खापरपणजोबांनी ते म्हटलं. आज तू काय करतो आहेस, असं विचारलं की सगळे पान लावायला घेतात.

तर तू वीस क्रियापदांची यादी पाठवलीस. चहा करणे, झाडणे, पुसणे, कणीक मळणे, चादरींच्या घड्या घालणे, मटर सोलणे (तुमच्या पुण्याकडचे मटार). मी बासष्ट वर्षांत चहाचं आधण कुठल्या बाजूने ठेवतात हे पाहिलेलं नव्हतं. पण गुरूची आज्ञा! आय ॲम मेकिंग टी, म्हणत चहा केला. तो उतू गेला, गॅस विझला, पण चहा केला हे खरं, म्हणून लगेच आय मेड टी असंही म्हणून घेतलं. झाडू घेतला, आय ॲम स्वीपिंग. काकू दारात पदर तोंडाला लावून उभी. तिला आधी वाटलं मला वाताचा झटका आलाय, मग वाटलं पश्चात्ताप झालाय, आणि खरं कारण कळल्यावर ती माझ्यापेक्षा तुझी मोठी भक्त झाली. तुझ्या फोटोला हार घालायचा तिचा विचार होता, मी थांबवलं, म्हटलं, अगं, जिवंत माणसांना घालत नाहीत.

यातही बारकावे निघाले. काम अर्धवट टाकलं की पंचाईत: करत नाहीये, म्हणजे पहिला काळ गेला, आणि केलं नाहीये, म्हणजे दुसराही गेला. एकदा काकूने तीन किलो मटर पुढ्यात ओतले. मी सोलतोय, तेवढ्यात आमचे शेजारी यज्ञेश्वरशास्त्री आले. एरवी मी हात झटकून उठलो असतो. पण वाक्य सुरू केलेलं, उठणार कसा? त्यांच्यासमोर मांडी घालून, आय ॲम पीलिंग पीज, आय ॲम पीलिंग पीज, असं स्वरात म्हणत तीन किलो संपवले. त्यांनी चहासुद्धा घेतला नाही. संध्याकाळपर्यंत गल्लीत झालं, की घनपाठींना बायकोने शिक्षा दिलीय आणि तिचा कसलासा मंत्रही आहे. पानवाला विचारतो, गुरुजी, मटर हो गया?

आणखी एक गोष्ट मला कळली ती तुझ्या यादीत नव्हती. तुझ्या काकूचा आवडता, गुलाबाच्या फुलांचा कप माझ्या हातून पडला. मी नियमाप्रमाणे, फोडतो आहे, असं म्हणायला तोंड उघडलं, तर कप फुटलेलाच! मधला काळच मिळाला नाही. थेट झालेल्यात. मी तुकडे वेचत बराच वेळ खाली बसून राहिलो. ज्येष्ठातला तो फोन आठवला. ते बोलणंही असंच झालं होतं, बोलतो आहे हे कळायच्या आधी बोलून झालं होतं. काकूने विचारलं, लागलं का काही? मी नाही म्हणालो.

असो. संक्रांतीच्या आदल्या दिवशी मंडळी आली. मी पगडी घालून दारात. ऋतुराज वाळलाय, दाढी ठेवलीय, कानाजवळ एक केस पांढरा. त्याने वाकून नमस्कार केला, मी हात वर केला, आणि बोललो काकूशी: अगं, त्याला सांग पाय धुवायला गरम पाणी आहे. तोही तिलाच म्हणाला, आई, बाबांना सांग, धुतो. हे असं पाच दिवस चाललं. काकूची अवस्था मधल्या डाकघरासारखी, दोन्हीकडचं टपाल घेऊन उभी. नोरा मुलगी गोड आहे, हे मी आता लिहितो, तोंडाने म्हणालो नाही. तिने आल्या आल्या तुळशीला पाणी घातलं, जरा जास्तच घातलं, पण घातलं.

तिची आई रूथबाई. उंच, पांढऱ्या केसांची, तीस वर्षं लीड्सला शाळेची बस चालवायची. (तीस वर्षं दुसऱ्यांची पोरं सुखरूप घरी पोहोचवली, याहून मोठं पुण्य कोणतं, सांग.) ती दारात म्हणाली, हाऊ आर यू? आता हा प्रश्न आहे, उत्तर द्यायचं असतं, हे मला पाठ होतं. पण दोन महिन्यांची संथा, समोरच्याने इंग्रजीत एकदा म्हटलं की माझा हात वर गेलाच, आणि मी खणखणीत म्हणालो, हाऊ आर यू, हाऊ आर यू! बाई म्हणाली, फाइन, थँक यू. मी म्हणालो, फाइन थँक यू, फाइन थँक यू! तिला वाटलं ही इथली रीत असणार. मग तीही हात वर करून सगळं दोनदा म्हणायला लागली. आम्ही दोघं उंबऱ्याच्या दोन बाजूंना, अंगात आल्यासारखे, आणि मागे गल्लीतली एक गाय वाट मिळायची वाट बघतेय. शेवटी ऋतुराज हसला. मोठ्याने हसला. माझ्या घरात सात महिन्यांनी त्याचा आवाज घुमला, मृणालिनी, आणि मला इतकं बरं वाटलं की मी रागाने काकूला म्हणालो, त्याला सांग दात काढू नकोस.

पुढचे चार दिवस तुझ्या दोन काळांनी मला तारलं. बाई जिथे जाईल तिथे मी काहीतरी करत होतो आणि सांगत होतो. तिला भोसले घाट दाखवला, नागपूरकरांनी बांधला, बिल्ट, बिल्ट, एवढं जमलं. ती मटर सोलायला माझ्याशेजारी खाली बसली, गुडघे दुखत असून बसली. माझ्याइतकंच कमी बोलणारी बाई. मला ती आवडली. पण ‘आवडली’ तुझ्या दोन काळांत नीट बसेना. लाइकला पुढे ते ‘इंग’चं शेपूट लावायचं नाही, असं तूच दरडावलं होतंस, आणि लाइक्ड म्हटलं तर आवडून संपली असं व्हायचं, तेव्हा मी तिच्या पुढ्यात आणखी मटर सरकवले.

चौथ्या दिवशी सकाळी काकू ऋतुराज-नोराला घेऊन साडी घ्यायला गेली. घरात मी आणि रूथबाई. मी चहा करत होतो आणि तसं सांगत होतो. तिने एकदम विचारलं, माझ्या मुलीचं या घरात येणं तुम्हाला पसंत आहे का? म्हणजे असंच काहीसं, शब्द तिने सोपे करून, हळू हळू, बसमधल्या पोराला विचारावं तसं विचारलं. मी अडकलो. पसंत आहे, हे माझ्याकडे नाही. पसंत पडेल, तेही नाही. मी तुझ्या यादीतली वीसच्या वीस क्रियापदं मनात फिरवली, मळणे, पुसणे, सोलणे, एकही कामाचं नाही. आणि ती वाट बघतेय. बिचारी इतक्या लांबून हा एक प्रश्न विचारायला आलेली, आणि सात महिन्यांचा माझा अबोला तिच्या मुलीच्या वाट्याला आलेला. मग जे होतं तेच सांगितलं. म्हणालो, ऋतुराज टेलिफोन्ड. आय शाउटेड. सेव्हन मंथ्स आय डिड नॉट स्पीक. आय डिड राँग.

बाई म्हणाली, बट यू आर स्पीकिंग नाउ. मी म्हणालो, यस, टू यू. ती माझ्याकडे बघत म्हणाली, नॉट टू हिम.

मृणालिनी, मोठ्या मोठ्या सभांत मला पंडितांनी अडवून पाहिलंय, कुणाला जमलं नाही. या बाईने तीन शब्दांत अडवलं. चहा पुन्हा उतू गेला. मी म्हणालो, आय ॲम क्राइंग. हे तुझ्या यादीत नव्हतं, कुठून आलं देव जाणे, पण नियमाला धरून होतं, काम खरोखर चाललं होतं. तिने उठून गॅस बंद केला, माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाली, मी ऋतुराजला यातलं काही सांगणार नाही, तुमचं तुम्हीच सांगा. त्या दिवशी मी तिचं एकही वाक्य दोनदा म्हटलं नाही.

निघायच्या दिवशी बाबतपूरच्या विमानतळावर मी ठरवून गेलो होतो. रात्रभर मनात वाक्य घोकलं होतं, मराठी वाक्य, आपल्या घरातलं. ऋतुराज वाकला. माझा हात त्याच्या डोक्यावर गेला (हात चांगला आहे माझा, तोंडच वाईट). आणि तोंडातून काय निघालं? अगं, त्याला विचार, मफलर घेतला का. तो म्हणाला, आई, बाबांना सांग, घेतलाय. आणि गेले सगळे.

तर बये, तुझे उपकार किती मानावे! पाहुणीशी बोलता आलं, घरची अब्रू राहिली, बाई खूश होऊन गेली, लग्न वैशाखात तिकडे ठरलंय, आम्हाला आग्रहाचं बोलावणं आहे. बासष्टाव्या वर्षी चहा करता येतो, तोही तुझ्यामुळे. तुझी काकू म्हणते, मृणालिनीने मला दुसरा नवरा दिला, तोच चेहरा पण कामाचा. गुरुदक्षिणा म्हणून लाल पेढ्यांचा डबा पाठवतोय, अनिमेषरावांना फार देऊ नकोस, वजन गुडघ्यावर येतं. तुझं सर्व कुशल असो, तुझ्या वर्गातल्या पोरांना माझ्यासारखी खोड न लागो.

तुझा काका आणि शिष्य,
नरहर

ता. क. काकूने परवा विचारलं, पंखे पुसणे आणि माळा आवरणे याला इंग्रजीत काय म्हणतात. ती तुला फोन करेल. माहीत नाही म्हणून सांग. माझे आई!

ता. क. दुसरा. वर लिहिलंय की पाहुणीशी बोलण्यासाठी इंग्रजी शिकलो आणि काम फत्ते झालं. ते तितकंसं खरं नाही. फत्ते काहीच झालेलं नाही. इंग्रजीत मी पहिलीतला पोर, चूक कबूल करायला पोराला काय लागतं? मराठीत मी घनपाठी नरहरशास्त्री, आणि बाप. तिथे जीभ उचलत नाही.

ता. क. तिसरा, आणि पत्र याच्यासाठीच लिहिलंय. रूथबाई आणि नोरा जयपूर बघायला गेल्यात, आणि ऋतुराज कामासाठी पुण्याला येतोय, पुढच्या रविवारी तुझ्याकडे जेवायला आहे. जेवण झालं की हे पत्र त्याला वाचून दाखव. मोठ्याने. मटर आणि पानवाला गाळलास तरी चालेल, चहा उतू गेला तिथलं गाळू नकोस. त्यातली माझी इंग्रजी वाक्यं त्याला मराठीत करून सांगू नकोस, तीही मीच लिहितो: राजा, तुझा फोन आला आणि मी ओरडलो. सात महिने बोललो नाही. माझं चुकलं. तो काय म्हणाला ते मला कळव. काहीच म्हणाला नाही, तर नुसता एक मिस्ड कॉल दे, मी त्याच रात्री पुण्याची गाडी धरतो.